स्कूटरवरची लहान सीट

सायकलची घंटा वाजली की हरीभाऊ वझलवारांच्या कपाळाला आठी पडायची. मल्लेश्वरममधल्या त्यांच्या गल्लीत १९९५ साली सायकलींना काही तोटा नव्हता. सकाळी पेपरवाला, मग केळीची पानं विकणारा, दुपारी पोस्टमन. प्रत्येक घंटेला घरातली दोन वर्षांची मुलगी हातातलं टाकून खिडकीकडे धावायची, गजांना नाक लावून उभी राहायची, आणि सायकल पुढे निघून गेली की तशीच मुकाट मागे फिरायची. तिचं ते उतरलेलं तोंड हरीभाऊंना बघवत नसे. मुलीची दया येई हे खरं, पण त्याहून जास्त जळजळ होई. ती ज्याची वाट बघत होती, तो माणूस यशवंतपूरला राहत होता आणि त्याचं नाव कल्लाप्पा होतं.

हरीभाऊ मूळचे नागपूरचे. बी.कॉम. होऊन जालहळ्ळीच्या एका सरकारी कारखान्यात हिशेब खात्याला लागले आणि तिथेच पंधरा वर्षं मुरले. माणूस शिस्तीचा. चपला ठरल्या कोपऱ्यात, किल्ल्या ठरल्या खिळ्याला, रविवारी सकाळी स्कूटर धुवायची म्हणजे धुवायचीच. कन्नड मात्र त्यांना बस कंडक्टरपुरतंच येई. बायको नयना इथलीच. तिच्या पणजोबांपासून मंडळी बंगळुरातच रुजलेली, त्यामुळे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाय पडला की कन्नड, असं तिचं सहज चालायचं. लग्नाला बारा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. औषधं झाली, उपास झाले, कुणी सांगितलं म्हणून नागप्रतिष्ठाही झाली. शेवटी एक दिवस नयनाच म्हणाली, "पुरे झालं. कुणाचं तरी मूल आपली वाट बघत असेल की."

दत्तक देणाऱ्या संस्थेने दोघांना सगळ्यात आधी पाठवलं ते डॉ. भीमाचार्यांकडे. हे मल्लेश्वरममधले जुने बालरोगतज्ज्ञ. संस्थेतली मुलं तेच तपासत, आणि मूल घ्यायला आलेल्या आईबापांनाही तेच तपासत. त्यांनी हरीभाऊंचं ब्लडप्रेशर घेतलं, छाती तपासली, साखरेची तपासणी लिहून दिली.

"मूल घ्यायला माझी साखर कशाला?" हरीभाऊंनी विचारलं.

"मुलीच्या लग्नात अक्षता टाकायला तुम्ही हवेत ना? म्हणून." भीमाचार्यांचं मराठी म्हणजे तीन पिढ्या बंगळुरात मुरलेलं. "बसा हो. स्वल्प पाणी प्या. आता सांगा, कसं मूल पाहिजे?"

"तान्हं," हरीभाऊ लगेच म्हणाले. "अगदी कोऱ्या कागदासारखं. म्हणजे आपण लिहू तेच."

"कोरा कागद अव्हेन्यू रोडला मिळतो. मूल पोटात असल्यापासून कोरं नसतं." डॉक्टर हसले. मग त्यांनी एका मुलीविषयी सांगितलं. दोन वर्षांची. वजन ठीक, दात वेळेवर, कान-डोळे चांगले, रक्ताच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ. जे माहीत नव्हतं तेही त्यांनी तितक्याच सरळ सांगितलं. जन्म देणारी कोण, बाप कोण, घराण्यात काय दुखणी, काही ठाऊक नाही. "पुढं काही होणार नाही अशी ग्यारंटी जो डॉक्टर देईल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. पण एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. ही मुलगी दोन महिन्यांची असल्यापासून एकाच घरात वाढली आहे. संस्था काही मुलं तात्पुरती घरांत सांभाळायला देते, तशी दिलेली. कल्लाप्पा म्हणून एक टर्नर आहे, पीण्या भागातल्या एका लहान कारखान्यात लेथवर असतो. तो आणि त्याची बायको कमला. त्या माणसानं तिला जो जीव लावलाय! तिच्या तब्येतीतली सगळ्यात चांगली गोष्ट कोणती म्हणाल, तर मी म्हणेन कल्लाप्पा."

नयनाचे डोळे भरून आले. हरीभाऊंना मात्र तिथेच, त्या लाकडी खुर्चीवर, पहिला काटा टोचला.

"म्हणजे ती दुसऱ्याला बाप समजते," ते म्हणाले.

"हो की. म्हणून तर सोपं आहे. एकदा जीव लावलेलं मूल दुसऱ्यांदा लावतं. ज्याला कुणी उरी धरलंच नाही, त्याला ते शिकवता शिकवता माणूस थकतो." डॉक्टरांनी नयनाकडे पाहिलं, मग पुन्हा हरीभाऊंकडे. "फक्त एक करा. कल्लाप्पाला येतं-जातं ठेवा. पहिले काही महिने तरी. दार धाडकन लावू नका."

हरीभाऊंनी मान हलवली. ती मान त्यांनी नयनाकडे बघून हलवली होती, डॉक्टरांचं बोलणं पटून नव्हे.

मुलगी ताब्यात घ्यायच्या दिवशी कल्लाप्पा तिला सायकलवरूनच संस्थेत घेऊन आला. पन्नाशीचा, काळासावळा, बोटांच्या पेरांत तेलाचे डाग कायमचे बसलेले. सायकलच्या पुढच्या दांडीवर त्याने घरीच बनवलेली एक चिमुकली सीट होती आणि तिच्यात ही मुलगी एखाद्या राणीसारखी बसली होती. त्या घरात तिला पुट्टी म्हणत, म्हणजे छोटी. हरीभाऊंनी नाव ठरवून ठेवलं होतं, अमृता.

कल्लाप्पा चिकोडीकडचा, त्यामुळे त्याला मराठी येत होतं. ही गोष्ट हरीभाऊंना आणखीच खटकली. निदान भाषा तरी फक्त आपली असायला हवी होती.

"साहेब, जेवायचं एक सांगतो," कल्लाप्पा म्हणाला. "हिला अशी बसवून भरवलं तर खात न्हाई. सायकल ष्ट्यांडवर लावायची, पायडल हातानं फिरवायचं. मागचं चाक घर्रर करतंय, ते बघत बघत खाती. चाक फिरलं की तोंड उघडती बघा!"

"आमच्याकडे जेवायला टेबल आहे," हरीभाऊ म्हणाले.

"मग लई चांगलं की." कल्लाप्पाच्या ध्यानात टोमणा आला असेल, पण त्याने तो तसाच खाली पडू दिला. मुलीच्या केसांवरून एकदा हात फिरवला आणि सायकल हातात धरून तो निघाला. रस्त्याच्या वळणापर्यंत तो सायकलवर बसलाच नाही, चालतच गेला. पुढची सीट रिकामी हलत होती. हरीभाऊ मनात म्हणाले, नाटकं!

घरी आल्यावर मुलगी रडली, झोपली, उठली, पुन्हा रडली. हे होणार हे सगळ्यांनी सांगितलं होतं. पण ती जे काही बोलायची ते कन्नडमध्ये, आणि ते कळायचं फक्त नयनाला. दोघी स्वयंपाकघरात काहीतरी बोलायच्या, नयना हसायची, आणि हरीभाऊ दारात उभे राहून विचारायचे, "काय म्हणाली?"

"पाणी मागतेय."

"मग पाणी म्हणायला शिकव ना."

"शिकेल हो. तहान लागलीय तिला, आधी पिऊ तर द्या."

हरीभाऊंशी ती एकच शब्द बोले, "बेडा." म्हणजे नको. त्यांनी उचललं, बेडा. त्यांनी बिस्किट पुढे केलं, बेडा. आणि संध्याकाळी दिवेलागणीला दाराकडे बोट दाखवून नयनाला विचारी, "अप्पा यल्ली?" एवढं कन्नड मात्र हरीभाऊंना शिकवावं लागलं नाही. अप्पा म्हणजे बाप, आणि यल्ली म्हणजे कुठे. बाप समोर खुर्चीत बसलेला असताना मुलगी विचारत होती, बाप कुठे.

त्यांनी नियम केला. घरात मुलीशी फक्त मराठी बोलायचं, आणि कल्लाप्पाचं नाव काढायचं नाही. नयना म्हणाली, "डॉक्टर तर वेगळंच म्हणाले होते." हरीभाऊ म्हणाले, "डॉक्टरांना काय जातंय सांगायला. त्यांना थोडंच कुणी बेडा म्हणतं."

एका शनिवारी त्यांनी कमर्शियल स्ट्रीटवरून तीन चाकांची निळी सायकल आणली. त्या माणसाची गंजकी सायकल कुठे आणि ही कुठे! मुलीने ती सगळीकडून न्याहाळली. हरीभाऊंनी तिला वर बसवलं तर ती उतरली. मग जोर लावून तिने ती सायकल उलटी पाडली, पुढच्या चाकाला हाताने फिरवलं, खाली मांडी घालून बसली, आणि फिरत्या चाकाकडे बघत तोंड उघडून वाट बघू लागली.

नयना वरणभाताची वाटी घेऊन धावली. पहिल्यांदाच पोरीने चार घास पटापट खाल्ले.

"बघा, बघा कशी खातेय!" नयना आनंदाने म्हणाली.

हरीभाऊंनी पाहिलं. आपल्या पैशाने आणलेल्या सायकलीत बसून कल्लाप्पाच आपल्या घरात जेवू घालतोय असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल माळ्यावर टाकली. "जेवताना खेळ नको, वाईट सवय लागते," असं कारण दिलं.

त्यानंतरच्या रविवारी हरीभाऊ फाटकात स्कूटर धूत होते. घंटा वाजली आणि समोर कल्लाप्पा उतरला. धुतलेला शर्ट, केसांना तेल, आणि मागच्या कॅरियरवर गोणपाटात गुंडाळून दोरीने बांधलेली एक वस्तू.

"नमस्कार की, साहेब. पोरगी बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. झोपलीय."

"ह्या वेळेला?" सकाळचे दहा वाजले होते. कल्लाप्पाने खिडकीकडे पाहिलं, मग धुतलेल्या स्कूटरकडे. स्कूटरकडे तो जरा जास्तच वेळ बघत राहिला. "ऱ्हाऊ द्या, उठवू नगा. मी थांबतो हितंच. कट्ट्यावर बसतो."

"आम्हाला बाहेर जायचंय." हरीभाऊंनी पाण्याची बादली उचलली. "आणि हे बघा, कल्लाप्पा, तिला आता इथली सवय व्हायला हवी. तुम्ही सारखे आलात तर ती रुळायची कशी? तुम्हीच विचार करा."

कल्लाप्पाने विचार केला. खरंच केला, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "तुमचं बी बरोबर असंल," तो म्हणाला. कॅरियरवरच्या गोणपाटावर त्याने हात ठेवला, दोरीची गाठ चाचपली, मग ती तशीच राहू दिली. सायकल वळवून गेला. जाताना सवयीने वळणावर घंटा वाजली.

आत मुलगी झोपलेली नव्हतीच. ती खिडकीशी आली तेव्हा वळणावर पाठमोरा शर्ट आणि मागचं चाक एवढंच उरलं होतं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. त्या दिवसापासून तिने "अप्पा यल्ली" विचारणं सोडलं. हरीभाऊंना वाटलं, जिंकलो. पण मग तिने पाणी मागणंही सोडलं. बेडा म्हणणं सोडलं. आठवडाभर तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही आणि घास आत गेला तर उलटून बाहेर येऊ लागला.

कोर्टाचे कागद व्हायला अजून तीन-एक महिने होते. तोवर मुलगी कायद्याने संस्थेचीच, वझलवारांकडे फक्त सांभाळायला. मूल रुळलं की नाही हे डॉक्टर सांगणार. नाही रुळलं तर परत. आणि परत म्हणजे कुठे, हे हरीभाऊंना कुणी सांगायची गरज नव्हती. परत म्हणजे यशवंतपूर. परत म्हणजे त्या सायकलच्या दांडीवर.

दवाखान्यात भीमाचार्यांनी मुलीला वजनकाट्यावर बसवलं, पोट दाबून पाहिलं, घसा पाहिला, कानाशी चुटकी वाजवली. मुलीने मान वळवली, म्हणजे ऐकू येत होतं.

"काही टॉनिक द्या, डॉक्टर," हरीभाऊ म्हणाले. "जंत असतील. किंवा त्या वस्तीतलं पाणी..."

"जंत नाहीत. पाणीही नाही." डॉक्टरांनी मुलीला नयनाच्या हाती दिलं. "नयनाक्का, हिला बाहेर मासे दाखवा. काचेच्या पेटीत नवीन सोडलेत." दोघी गेल्यावर त्यांनी दार लोटलं. "कल्लाप्पा येतो का हो?"

हरीभाऊ भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचू लागले.

"वझलवार, मी पोटात दुखतंय की नाही ते पोट दाबून ओळखतो. तुमचं दाबू काय?"

"आला होता एकदा," हरीभाऊ म्हणाले. "मीच म्हटलं, येऊ नका."

"दारातून?"

"फाटकातून." मग त्यांच्याच्याने राहवलं नाही. "तुम्हाला कळणार नाही, डॉक्टर. बारा वर्षं वाट पाहिली मी. आणि घरात आलेल्या मुलीच्या मनात आधीच एक माणूस खुर्ची टाकून बसलेला! तो उठल्याशिवाय मी बसू कुठे?"

डॉक्टरांनी टेबलावरची काचेची गोळी इकडून तिकडे सरकवली.

"माझ्या आईला कन्नड धड येत नव्हतं," ते म्हणाले. "गल्लीत सगळी पोरं कन्नड. मी दिवसभर कन्नड बोलून घरी यायचो आणि आईशी मराठी. माझ्या एका काकाला फार भीती, की पोरगा मराठी विसरेल. त्यानं मला गल्लीत जायला बंदी केली. काय झालं ठाऊक आहे? मी दोन्ही बोलायचा थांबलो. आई घाबरली, काकाला म्हणाली, गप बसा, जाऊ द्या त्याला. गेलो, आणि दोन्ही परत आल्या. आज तुमच्याशी ही बोलतोय, बाहेर पेशंटशी ती बोलेन. एकीनं दुसरीला ढकललं काय?"

"भाषेची गोष्ट वेगळी."

"स्वल्प वेगळी. फार नाही." डॉक्टर पुढे वाकले. "तुम्हाला मत्सर वाटतो. वाटू दे. त्याला औषध नाही माझ्याकडे, असतं तर मी घरी वापरलं असतं. पण मत्सर तुमचा, आणि उपास त्या पोरीनं काढायचा, हे कुठलं शास्त्र?"

हरीभाऊंची मान खाली गेली.

"आणखी एक सांगतो. तुम्हाला आवडणार नाही. कल्लाप्पा माझ्याकडे आला होता. तुमचं नाव आलं होतं, पण ठरलं नव्हतं तेव्हा. म्हणाला, मीच ठेवून घेतो पुट्टीला. मी म्हटलं, बाबा रे, तुला पोटची मुलगी आहे, तुमकूरला दिलेली. मुलगी असताना मुलगी दत्तक घेता येत नाही, कायदाच तसा आहे. ऐकून बसून राहिला, तुम्ही बसलात ना, त्याच खुर्चीत. मग एवढंच विचारलं, घेणाऱ्यांकडे गाडी कुठली आहे? मी म्हटलं, स्कूटर. बरं म्हणून गेला."

हरीभाऊंनी नकळत खुर्चीच्या हातावरून हात काढला.

"आता माझा सल्ला," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही जा त्याच्याकडे. बायकोला पाठवू नका. तुम्ही. नाहीतर पुढच्या महिन्यात संस्थेला मला जे सांगावं लागेल, ते मला सांगायचं नाहीये."

यशवंतपूरच्या त्या चाळवजा घरांपुढे हरीभाऊंनी स्कूटर उभी केली तेव्हा कल्लाप्पाची शिफ्ट सुटायची होती. कमला दारात तांदूळ निवडत होती. तिने हरीभाऊंना ओळखलं, सूप बाजूला ठेवलं नाही, आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. हरीभाऊंचं कन्नड कच्चं असलं तरी एवढं कळलं: "काय साहेब, आज मुलगी जागी आहे वाटतं?"

हरीभाऊ उन्हात उभे राहिले. तिने बसा म्हटलं नाही.

कल्लाप्पा आला. सायकल भिंतीला लावली. पुढच्या दांडीवरची सीट अजून तशीच होती.

"जेवत नाही ती," हरीभाऊ म्हणाले. "बोलत पण नाही. चला माझ्यासोबत."

दुसरा कुणी असता तर चार शब्द ऐकवल्याशिवाय हलला नसता. कल्लाप्पा आत गेला, हात धुतले आणि ते गोणपाट घेऊन बाहेर आला. दोरी सोडली. आत एक लहान लोखंडी सीट होती. वर रेक्झीनची गादी, पाठीला गोल टेकू, पाय ठेवायला दोन पट्ट्या, आणि कडा इतक्या घासून गुळगुळीत केलेल्या की बोट फिरवलं तरी कुठे टोचू नये.

"तुमच्या गाडीची हाय," कल्लाप्पा म्हणाला. "हँडल आन् सीटच्या मधी बसती. आमच्या फोरमनच्या स्कूटरवर माप घेतलं. पोरीला पुढं उभी करतात लोक, ब्रेक मारला की नाक फुटतंय. त्या दिशी द्यायलाच आलो हुतो."

हरीभाऊंनी सीट हातात घेतली. वजनदार होती. शरम वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण त्या शरमेच्या पोटातून पुन्हा तोच जुना काटा वर आला. म्हणजे आता माझ्या स्कूटरवरही ती याच्याच हातच्या सीटवर बसणार! अशी सीट आपण विकत आणू शकलो असतो. सुचलं मात्र याला.

"बसवून द्या," ते कसेबसे म्हणाले.

मुलीने कल्लाप्पाला पाहिलं तेव्हा ती धावत आली नाही. जागच्या जागी ताठ उभी राहिली. तो खाली बसला तशी जवळ आली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारू लागली. तो मार खात राहिला. मग तिने त्याच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि कितीतरी दिवसांनी मोठ्याने रडली. नयनाही रडली. हरीभाऊ स्टूल आणून माळ्यावर चढले आणि निळी सायकल खाली काढली.

"साहेब, तुम्ही फिरवा," कल्लाप्पा म्हणाला. "मी भरवतो."

हरीभाऊंनी चाक फिरवलं.

"असं न्हवं. आवाज यायला पायजे. जोरात धरा, एकसारखं. लेथ कसा चालतो तसं."

"मी हिशेब खात्यात आहे हो, मला काय ठाऊक लेथ!"

कल्लाप्पा हसला. चाक घरघरू लागलं. मुलीने तोंड उघडलं. दोन घासांनंतर तिचं लक्ष चाकावरून चाक फिरवणाऱ्या हाताकडे गेलं, हातावरून वर हरीभाऊंच्या तोंडाकडे. चार घासांनंतर कल्लाप्पाने वाटी हरीभाऊंच्या हातात दिली आणि पायडल आपल्याकडे घेतलं. "आता तुम्ही."

हरीभाऊंनी घास पुढे केला. ती थांबली. त्यांनाही वाटलं, आता येणार, बेडा. तिने कल्लाप्पाकडे पाहिलं, मग चाकाकडे, आणि घास घेतला.

पुढे दर रविवारी कल्लाप्पा यायचा, कधी वझलवार मंडळी यशवंतपूरला जायची. कमलाही हळूहळू सैल झाली, हरीभाऊंना पितळी लोट्यातून कॉफी देऊ लागली, पण टोमणा सोडला नाही. मुलगी बोलू लागली, अर्धं कन्नड, अर्धं मराठी. भीमाचार्यांनी वजन पाहून नुसतं "सरी" म्हटलं, म्हणजे ठीक. हरीभाऊंचा मत्सर मात्र गेला नाही. कल्लाप्पाने तिला उचललं की ते घड्याळाकडे बघायचे. तिला बरं नसलं की आधी त्याला हाक मारायची, ते ऐकून ते पेपर तोंडापुढे धरायचे. फक्त आता ते गप्प बसायचे. संध्याकाळी तिला लहान सीटवर बसवून सँकी तलावापर्यंत चक्कर मारायची, ती वेळ तेवढी त्यांची एकट्याची होती. वाऱ्याने तिचे केस त्यांच्या हनुवटीला लागत.

कोर्टाचा निकाल झाला आणि मुलगी कागदोपत्री अमृता हरी वझलवार झाली. त्यानंतरच्या रविवारी पेढे घेऊन सगळे यशवंतपूरला गेले. पोरगी अंगणात कोंबडीमागे धावता धावता पायरीवर आपटली. गुडघा फुटला. कल्लाप्पा दोन हातांवर होता, त्याने झटकन हात पसरले. हरीभाऊ तिकडे, फाटकापाशी.

मुलगी उठली, कल्लाप्पाच्या पसरलेल्या हातांशेजारून पळत गेली आणि हरीभाऊंच्या पायांना मिठी मारून हुंदके देत म्हणाली, "बाबा, बाऊ!"

हेच ऐकायला ते इतके महिने झुरले होते. त्यांनी तिला उचललं. डोळ्यांत पाणी आलं आणि तिच्या डोक्यावरून त्यांची नजर समोर गेली. कल्लाप्पाचे हात अजून अर्धवट पसरलेलेच होते. तो हसत होता, पण तोंडाचा रंग उतरला होता. त्या चेहऱ्याची हरीभाऊंना पुरती ओळख होती. रोज सकाळी दाढी करताना आरशात त्यांनी तोच पाहिला होता.

कल्लाप्पाने हात खाली घेतले, पॅंटला पुसले. मग स्कूटरपाशी गेला आणि गुडघे टेकून लहान सीटच्या तळाशी वाकला.

"बोल्ट सैल झालाय वाटतं ह्यो," तो मान वर न करता म्हणाला.

हरीभाऊंनी सकाळीच स्कूटर धुताना तो बोल्ट स्वतः पाहिला होता. चांगला घट्ट होता. उशीर होत होता, नयना पिशवी घेऊन दारात उभी होती, आणि ठरल्या वेळी घरी पोचायची हरीभाऊंची जन्माची सवय.

"हो, आवाज येतो त्याचा," ते म्हणाले. "बघा जरा. पाना आहे का?"

"हाय की."

"अमृता, अप्पांजवळ उभी राहा. तुझी सीट बघतायत ते." त्यांनी तिला खाली ठेवलं. ती लंगडत गेली, कल्लाप्पाच्या पाठीवर रेलली आणि पान्याकडे बघू लागली. तो घट्ट असलेला बोल्ट काढून पुन्हा बसवू लागला.

नयना जवळ येऊन हळूच म्हणाली, "काय झालं हो? अंधार पडेल."

"पडू दे," हरीभाऊ म्हणाले, आणि पायरीवर टेकले. पोटातला काटा होता तिथेच होता. "नीट बसू दे त्याला. घाई नाही."